आधी थिनर विचारा, मग रंग

एका वाचकांचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून फक्त मजकूर देते:

‘ताई, दोन महिने रोज रात्री थोडं थोडं करत १/२४ मापाच्या स्पोर्ट्स कारचं किट जोडत आणलं. बॉडीचं प्लास्टिक लालभडक आहे आणि मला गाडी पांढरी हवी आहे. खऱ्या गाडीचे ओरखडे झाकायला आणलेला पांढरा स्प्रे घरात होता. तो बॉनेटवर मारला, तर पाच मिनिटांत बॉनेटभर बारीक भेगांची जाळी उमटली. मग उजव्या बाजूला ब्रशने इनॅमल लावून पाहिला. आज तिसरा दिवस, अजून बोट लावलं की ठसा उठतो. आता अ‍ॅक्रिलिक, इनॅमल, लॅकर असं सगळं वाचून डोकं गरगरतंय. यातला चांगला रंग कुठला? एअरब्रश घेतल्याशिवाय गाडी नीट होतच नाही का? आणि ही बॉडी टाकून देऊ का?’

सगळ्यात आधी हे सांगते, की तुम्ही वापरलेले दोन्ही रंग चांगलेच होते. टचअपचा स्प्रे पत्र्यावर उत्तम बसतो, तो त्यासाठीच केलेला असतो. इनॅमलने तर मॉडेल करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या आहेत. बिनसलं ते दुसरीकडेच. तुमच्या गाडीची बॉडी पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकची आहे आणि त्या स्प्रेमधलं थिनर, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रावक, तिला सोसलं नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच असतो, की डबीवरची छटा नंतर बघा, आधी आत कुठलं थिनर आहे ते विचारा. रंग कसा वाळेल, कशावर बसेल, कशाच्या वर चालेल आणि कशाखाली सुरकुतेल, हे सगळं त्या थिनरवरून ठरतं.

तुमच्या बॉनेटचंच बघा. पॉलिस्टायरीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, लॅकर थिनरमध्येही विरघळतं. किट जोडायला आपण जो पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, वापरतो तो याच गुणावर चालतो. दोन्ही कडा क्षणभर वितळवतो आणि एकजीव करतो. खऱ्या गाडीच्या स्प्रेमध्ये अशीच जहाल द्रावकं असतात, कारण त्याला पत्र्याशी किंवा जुन्या रंगाशी झगडायचं असतं. पत्रा विरघळत नाही, प्लास्टिक विरघळतं. ओला, जाड हात पडला की द्रावक उडून जाण्याआधी वरचा थर खातं आणि वाळताना तो थर आक्रसून तडकतो. ती जाळी रंगात पडलेली नाही, प्लास्टिकमध्ये पडली आहे. त्यामुळे रंग काढून ती जाणार नाही, घासून काढावी लागेल. ते कसं, हे शेवटी सांगते.

मॉडेलसाठी बनवलेले लॅकर मात्र निराळे. तामिया या जपानी कंपनीचे टीएस स्प्रे, त्यांच्याच एलपी मालिकेच्या छोट्या बाटल्या, जीएसआय क्रिओसचा मिस्टर कलर, हे सगळे लॅकरच आहेत, पण त्यांचं द्रावक इतकं बेतलेलं असतं, की ते प्लास्टिकला जेमतेम चावतं. हा ‘चावा’ आपल्याला हवाच असतो. त्यामुळे रंग घट्ट धरतो, मास्किंग टेप काढताना पोपडा उचलला जात नाही. लॅकर वाळतो तो फक्त द्रावक उडून गेल्यामुळे. आत दुसरी कुठलीही प्रक्रिया होत नाही, म्हणून तो तासाभरात हाताळण्याजोगा होतो आणि पातळ, काचेसारखा बसतो. गाडीच्या बॉडीला दुसरं काय हवं? विमान किंवा रणगाड्याचं मॉडेल मॅट असतं, त्यावर चार डाग पडले तरी ते खपतात. गाडीच्या चकचकीत छपरावर एक केस चिकटला तरी तो रोज दिसतो.

स्प्रे घेताना एक अक्षर नीट वाचा. तामियाचेच पीएस नावाचेही स्प्रे असतात. ते रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात आणि ती बॉडी आतल्या बाजूने रंगवायची असते. पीएस पॉलिस्टायरीनवर मारायचा नाही, टीएस पॉलिकार्बोनेटवर टिकत नाही. कॅन दिसायला सारखेच, छटाही सारख्याच, त्यामुळे घाईत हातात चुकीचा येतो. तुम्हाला टीएस हवा. एएस मालिका विमानांच्या छटांची आहे, तिच्याकडे बघूही नका.

आता इनॅमल. तो तीन दिवसांनीही ओला का, हे कळलं तर पुढचे बरेच घोटाळे टळतील. इनॅमल दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं स्पिरिट उडतं, ते काही तासांचं काम. मग त्यातलं तेलकट रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतं, त्याला दिवसच्या दिवस लागतात. हात जाड दिला असेल तर वर साय धरते, साईखाली हवा पोचत नाही आणि आतला रंग आठवडाभरही मऊ राहतो. डबी तळापासून ढवळली नसेल, प्लास्टिकवर हाताचं तेल राहिलं असेल, हवा दमट किंवा थंड असेल, तर आणखी वेळ. इनॅमलचा गुणही याच आळसातून येतो. तो सावकाश वाळतो म्हणून ब्रशच्या रेघा आपोआप बसतात. छोट्या भागांवर हाताने रंगवायला मला अजूनही हंब्रोलच्या त्या इवल्याशा डब्या आवडतात.

पण पांढऱ्या बॉडीला इनॅमल लावू नका. तेलावर आधारलेलं रेझिन काळाबरोबर पिवळं पडतं, अंधारात तर लवकर पडतं. कपाटात ठेवलेली पांढरी गाडी काही वर्षांनी हस्तिदंती होते. इनॅमलच्या क्लिअर वार्निशचंही तेच. काळ्या किंवा गडद हिरव्या गाडीवर कुणाच्या लक्षात येत नाही, पांढरीवर लपत नाही.

तिसरा गट पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिकचा, आणि इथे एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. व्हॅलेहोसारखे रंग खरोखर पाण्यावरचे. त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. वास जवळजवळ नाही, ब्रशने छान लागतात, पण प्लास्टिकला चावत नाहीत, म्हणून खाली प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, नसेल तर नखानेही निघतात. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ बाटल्यांवरही अ‍ॅक्रिलिकच लिहिलेलं असतं, पण त्यांच्यात अल्कोहोल असतं. एक्स म्हणजे चकचकीत, एक्सएफ म्हणजे मॅट. एअरब्रशमधून, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या हत्यारातून, ते सुरेख बसतात. ब्रशने मात्र दुसरा हात देताना पहिला हात विरघळून वर येतो आणि सगळं चिवडलं जातं. नवशिक्यांना वाटतं, आपला हात वाईट. हात वाईट नसतो, पहिला थर पुन्हा ओला झालेला असतो. ब्रशने रंगवायचं असेल तर व्हॅलेहोच्या जातीचा रंग घ्या, तो एकदा वाळला की पाण्याने परत उठत नाही.

हे तीन गट एकाच गाडीवर नांदू शकतात, फक्त क्रम पाळायचा. जहाल थिनरचा रंग खाली, मवाळ वर. लॅकरवर अ‍ॅक्रिलिक चालतो, इनॅमलही चालतो. इनॅमलवर लॅकर कधीही चालत नाही. माझी एक गडद निळी गाडी अशीच गेली. इनॅमलचा रंग अप्रतिम बसला होता, महिनाभर वाळवला होता, आणि वरून लॅकरचा क्लिअर मारल्याबरोबर डोळ्यांसमोर छपराची साल सुरकुतत गेली. महिना झाला तरी इनॅमलला लॅकरचं थिनर फुगवतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या गाडीच्या उजव्या बाजूवर इनॅमल आहे, म्हणजे त्याचा कण न् कण काढल्याशिवाय टीएस हातातही धरायचा नाही.

आता तुमच्यापुढचा खरा अवघड भाग, लाल प्लास्टिकवर पांढरा. लोक समजतात की रंग दाट दिला की खालचं लाल झाकलं जाईल. दोन अडचणी आहेत. एक तर पांढऱ्याची झाकण्याची ताकद आपल्याला वाटते त्याहून कमी असते, विशेषतः कडांवर, जिथे रंग आपोआप पातळ होतो. दुसरी अडचण जास्त छुपी. लाल प्लास्टिकमधला रंग लॅकरच्या द्रावकात सुटतो आणि वरच्या पांढऱ्यात झिरपतो. आज गाडी पांढरीशुभ्र दिसते, आठवड्याने कुठेतरी गुलाबी झाक येते आणि आणखी पांढरा मारला तर तोही गुलाबी होतो, कारण प्रत्येक नवा ओला हात आणखी लाल वर खेचतो.

यावरचा जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे मधे चंदेरी थर. रुपेरी रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण कौलांसारखे एकमेकांवर पसरतात आणि झिरपा अडवतात. आधी राखाडी प्रायमरचे दोन हलके हात, त्यावर टीएस-१७ किंवा टीएस-३० सारख्या चंदेरीचा एक हात, पूर्ण वाळू द्या, त्यावर पांढरा प्रायमर आणि मग पांढरा रंग. लांबलचक वाटेल, पण प्रत्येक हात पातळ असेल तर एकूण जाडी फार होत नाही. आणि जाडी सांभाळायचीच आहे. खऱ्या गाडीवर कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याला २४ ने भागलं तर मॉडेलवर तो ४ ते ६ मायक्रॉन भरायला हवा. इतका पातळ रंग आपण कुणीच देऊ शकत नाही, आपल्या प्रायमरचा एक हातही त्याहून जाड असतो. म्हणून दाराच्या, बॉनेटच्या खाचा बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. रंगवण्याआधी त्या खाचा बोथट सुरीच्या पाठीने किंवा खास स्क्रायबरने दोन-तीन वेळा हलक्या हाताने खोल करून घ्या.

छटेबद्दल थोडंसं, कारण ‘पांढरा’ हा एक रंग नाही. टीएस-२६ प्युअर व्हाइट निळसर-शुभ्र, आताच्या गाड्यांना शोभणारा. टीएस-७ रेसिंग व्हाइट किंचित साईच्या रंगाकडे झुकलेला, जुन्या शर्यतीच्या गाड्यांवर तोच खरा वाटतो. टीएस-२७ मॅट आहे, चुकून घेऊ नका. तुमची गाडी कुठल्या काळातली आहे ते पत्रात नाही, त्या काळातले रंगीत फोटो शोधून ठरवा. धातूच्या चमकीचा रंग घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट इथेच सांगते: खऱ्या गाडीच्या मेटॅलिकमधले कण १/२४ मापात वाळूसारखे दिसतात. मॉडेलसाठी बारीक दळलेला मेटॅलिकच घ्यावा. आणि कधी लाल गाडी केलीत तर प्रायमर गुलाबी घ्या. लाल रंग पारदर्शक असतो, खालची छटा वर दाखवतो. राखाडीवर तो मळकट दिसतो, गुलाबीवर उजळतो. तामियाचा गुलाबी प्रायमर निघाला तो यासाठीच.

एअरब्रशचं उत्तर सरळ देते: या गाडीसाठी नको. स्प्रे कॅनने बॉडी आणि ब्रशने बाकीचं, एवढ्यावर प्रदर्शनात ठेवावी अशी गाडी होते. एअरब्रश म्हणजे त्याच्याबरोबर कॉम्प्रेसर, थिनरचं प्रमाण, दर रंगाला सुई धुणं, असा सगळा संसार येतो. चार-पाच गाड्या करून झाल्यावर स्वतःच्या छटा मिसळाव्याशा वाटल्या की तेव्हा घ्या.

स्प्रेचा हात कसा द्यायचा हे मात्र शिकावं लागतं. कॅन दोन मिनिटं हलवा, आतली गोळी सलग खुळखुळली पाहिजे. मग तो पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा. कोमटच. गरम पाण्यात किंवा आचेजवळ कॅन फुटू शकतो. रंग कोमट झाला की थेंब बारीक पडतात. बॉडीपासून साधारण वीतभर अंतर धरा. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, एका चालीत पलीकडे न्यायचा आणि बाहेर गेल्यावरच बोट उचलायचं. बॉडीवर फवारा सुरू केला की पहिला मोठा थेंब तिथेच पडतो.

पहिला हात इतका हलका असू दे, की खालचं सगळं दिसलं पाहिजे. नुसता शिडकावा. माणसाला इथे धीर धरवत नाही आणि ओघळ इथेच येतो. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा तसाच, त्याच्यानंतर तिसरा थोडा ओला, पृष्ठभाग आरशासारखा होईपर्यंत. लांबून मारलात तर थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. फार जवळून मारलात तर ओघळतो. पावसाळी, दमट हवेत लॅकर मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि रंगावर दुधाळ धुकं येतं. ओघळ आलाच तर पुसू नका. एक दिवस वाळू द्या, २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासा आणि पुन्हा हलका हात द्या.

हे सगळं पहिल्यांदा बॉडीवर करायचं नाही. किटचे भाग ज्या चौकटीत येतात ती स्प्रूची चौकट फेकून दिली नसेल तर तिच्यावर करून बघा. तेच प्लास्टिक, तोच लाल रंग. प्रायमर, चंदेरी, पांढरा, क्लिअर, सगळं त्याच क्रमाने मारा आणि आठवडाभर ठेवा. गुलाबी झाक येणार असेल तर तिथे येईल.

क्लिअर म्हणजे टीएस-१३. डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं, लावणार असाल तर त्यांच्यावर पहिले दोन हात अगदी कोरडे, धुक्यासारखे द्या. ओला टीएस-१३ डिकॅल सुरकुतवतो. खऱ्या गाडीवर मारायचा दोन भागांचा कडक क्लिअर, ज्याला टू-के म्हणतात, तो फार चकाकतो म्हणून काही जण मॉडेलवरही वापरतात. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि ती फुप्फुसाला कायमची इजा करू शकतात. घरात तो वापरू नका, कुणी कितीही भर देऊन सांगितलं तरी. साध्या लॅकरलाही खिडक्या सताड उघड्या हव्यात, आसपास दिवा-शेगडी नको आणि तोंडाला कोळशाच्या फिल्टरचा रेस्पिरेटर हवा. कापडी किंवा कागदी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. घरात लहान मूल असेल किंवा मोकळी जागा नसेल, तर सगळं पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये करा. चकाकी थोडी कमी येईल, ती नंतर पॉलिशने बरीचशी भरून निघते.

बाकीच्या भागांसाठी थोडक्यात. डॅशबोर्ड आणि सीटला मॅट किंवा अर्धचकाकी रंग, चकचकीत नको. मागच्या दिव्यांना एक्स-२७ क्लिअर रेड आणि इंडिकेटरला एक्स-२६ क्लिअर ऑरेंज, खाली चंदेरी असेल तर दिवे जिवंत होतात. मऊ रबरी टायरवर इनॅमल लावू नका. त्यातलं तेल बाहेर येत राहतं आणि रंग वर्षभरही चिकट राहतो. टायर वॉटर पेपरने हलके घासले की त्यांना वापरलेल्या टायरचा रंग आपसूक येतो. खाचांमध्ये काळी रेघ भरायला इनॅमलचं पॅनेल लाइनर वापरा, पण रंग आणि क्लिअर झाल्यावरच. उघड्या, ताण पडलेल्या प्लास्टिकमध्ये इनॅमलचं थिनर मुरलं तर जोड तडकतात. आणि पांढऱ्या गाडीला काळी रेघ भरू नका, राखाडी भरा.

राहिली तुमची बॉडी. टाकू नका. उजव्या बाजूचा इनॅमल अजून कच्चा आहे हे आत्ता तुमच्या फायद्याचं आहे. फडक्याला इनॅमलचंच थिनर लावून पटकन पुसा, बॉडी त्यात भिजवत ठेवू नका. खाचांमधला रंग जुन्या टूथब्रशने काढा. मग भांड्याचा साबण आणि कोमट पाण्याने पूर्ण बॉडी धुवा. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून कारखान्यात जो तेलकट लेप लावतात, तोही यात जाईल. यानंतर बॉडीला उघड्या बोटाने हात लावायचा नाही, हातमोजे घाला किंवा आतून धरा.

बॉनेटवरचा टचअप थिनरने काढायला जाऊ नका, जे थिनर त्याला काढेल ते बॉनेटलाही काढेल. ६०० नंबरचा वॉटर पेपर लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा आणि पाण्यात, एकाच दिशेने घासत जा. मधल्या उभाराचा आकार चपटा होणार नाही याकडे लक्ष ठेवा. रंग निघून लाल दिसायला लागेल, तरी जाळीच्या काही रेघा राहतील. त्यांच्यावर मिस्टर सरफेसर ५००, म्हणजे ओरखडे भरणारा दाट प्रायमर, ब्रशने चोपडा, एक दिवस वाळू द्या, पुन्हा ६०० ने आणि मग १००० ने घासा. त्यावर राखाडी प्रायमरचा हलका हात द्या आणि बॉनेट दिव्याखाली तिरपं धरून बघा. राखाडीवर उरलेली रेघ लगेच दिसते, पांढऱ्यावर ती क्लिअर मारल्यानंतरच दिसली असती. रेघ दिसली तर पुन्हा सरफेसर, पुन्हा पेपर. माझ्या अंदाजाने तुम्हाला हे दोनदा करावं लागेल, फार तर तीनदा. तोवर चंदेरीचा कॅन उघडू नका.